रुग्ण आधी ओळखा, मग नोंदवा: सीमाभागातल्या दवाखान्यासाठी डेस्कटॉप सॉफ्टवेअर

खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी, हुक्केरी या पट्ट्यातल्या लहान दवाखान्यांत रुग्णाची माहिती बहुतेक वेळा केसपेपरवर, लांब रजिस्टरात किंवा रुग्णाच्याच प्लास्टिकच्या पिशवीत असते. अशा दवाखान्यासाठी स्वतः सॉफ्टवेअर बांधू पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे. ज्यांना प्रोग्रॅमिंगची थोडी ओळख आहे असा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, डॉक्टरांच्या घरातलं कोणी किंवा तालुक्यातला कॉम्प्युटर दुरुस्त करणारा, कोणीही हे काम करू शकतो.

या कामातला सगळ्यात अवघड आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग एकच आहे: समोर उभा असलेला माणूस आपल्या नोंदींतला नेमका कोण, हे चटकन आणि न चुकता कळणं. आलेख, छपाई, औषधांच्या याद्या सरावाने जमतात. पण एका पाटलांची साखर दुसऱ्या पाटलांच्या नावावर चढली, तर बाकी सॉफ्टवेअर कितीही देखणं असलं तरी ते धोक्याचं आहे. म्हणून नावं आणि शोध यांवर मी इथे जास्त जागा दिली आहे, आणि तुम्हीही वेळ तिथेच घालवा.

डेस्कटॉपच का, असं कोणी विचारेल. पावसाळ्यात खानापूरकडच्या भागात लाईट आणि नेट दोन्हींचा भरवसा नसतो. ओपीडीत माणसं रांगेत असताना पान उघडण्याची वाट बघत बसता येत नाही. शिवाय माहिती दवाखान्यातल्याच मशीनवर राहते, तिची जबाबदारी कोणाची हा प्रश्न सरळ सुटतो.

आधी काउंटरजवळ बसा

कोड लिहिण्याआधी ओपीडीच्या वेळेत काउंटरशेजारी बसा, तेही आठवडे बाजाराच्या दिवशी, कारण खरी गर्दी तेव्हाच कळते. कंपाउंडर किंवा नर्सबाई काय विचारतात, कुठल्या क्रमाने विचारतात, काय विचारायचं टाळतात, ते लिहून घ्या. मग डॉक्टरांच्या खोलीत बसून बघा की केसपेपर हातात आल्यावर त्यांची नजर आधी कुठे जाते. बहुधा ती मागच्या वेळच्या बीपीवर, साखरेवर आणि चालू गोळ्यांवर जाते. तुमच्या पडद्यावर सगळ्यात वर तेच असायला हवं.

पहिल्या आवृत्तीत एवढंच ठेवा: रुग्णनोंदणी, भेटीची नोंद, मोजमापं, औषधचिठ्ठी, तपासण्यांचे आकडे, पुढची तारीख आणि छपाई. बिलं, औषधांचा साठा, पगार यांना हात लावू नका. ते सुरू झालं की मूळ काम वर्षभर रखडतं.

साधनं

पायथन, पडद्यासाठी पायसाइड ६ (क्यूटी ६ ही पडदे बांधायची लायब्ररी पायथनमधून वापरायचं साधन) आणि साठवणुकीसाठी एसक्यूलाइट, हे त्रिकूट मी सुचवेन. तिन्ही फुकट आहेत. एसक्यूलाइटला वेगळा सर्व्हर लागत नाही, सगळा डेटाबेस एका फाइलीत मावतो. सी शार्पवर हात बसलेला असेल तर तेही उत्तम, पुढचं सगळं तसंच लागू होतं.

आधी दवाखान्यातलं मशीन बघा. अनेक ठिकाणी अजून विंडोज ७ दिसतं. त्यावर पायथनची ३.८ ही शेवटची चालणारी आवृत्ती, आणि क्यूटी ६ ला तर विंडोज १० किंवा त्यापुढचं लागतं. विंडोज १० चा मोफत आधारही मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. जुन्या मशीनसाठी जुन्या आवृत्त्या जुळवत बसण्यापेक्षा डॉक्टरांना मशीन बदलायला सांगा. रुग्णांची माहिती ठेवायची तर सुरक्षेचे अपडेट मिळणारंच मशीन हवं.

तक्ते कसे आखायचे

मुख्य तक्ता रुग्णांचा. प्रत्येकाला दवाखान्याचा स्वतःचा क्रमांक द्या, तो एकदा दिला की कधीही बदलायचा नाही आणि दुसऱ्याला द्यायचा नाही. आधार क्रमांक ओळख म्हणून वापरू नका, साठवूही नका, त्याची इथे गरजच नाही. आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा आभा क्रमांक १४ अंकी असतो, त्यासाठी ऐच्छिक रकाना ठेवा. मोबाईल नंबरवरून माणूस ओळखता येत नाही, कारण एकाच फोनवर सासू, सून आणि नातवंडं अशी चौघांची नोंद असते. फोनसाठी वेगळा तक्ता करा, त्यात फोन कोणाचा (मुलाचा, शेजाऱ्यांचा) हेही लिहा. क्रमांक दिसायला आकडा असला तरी तो मजकूर म्हणूनच साठवा.

वयाचा रकाना ठेवू नका, जन्मवर्ष ठेवा. वयस्क माणसांना जन्मतारीख बहुधा ठाऊक नसते, ती "सत्तरीच्या पुढं" एवढंच सांगतात. अशा वेळी अंदाजे वर्ष लिहून शेजारी "अंदाज" अशी खूण साठवा. कार्डावर १ जानेवारी छापलेलं असेल तर तोही बहुतेकदा अंदाजच असतो.

व्यवसायाचा रकाना विसरू नका. निपाणी परिसरात विडी वळणाऱ्या आणि तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायका मोठ्या संख्येने आहेत, आणि खोकल्याची तक्रार ऐकताना डॉक्टरांना ही गोष्ट समोर दिसलेली बरी.

मोजमापांसाठी भेटीच्या तक्त्यात बीपी, वजन, साखर असे रकाने वाढवत नेऊ नका. वेगळा तक्ता करा: कोणती भेट, कोणतं मोजमाप, किती, कोणत्या एककात, केव्हा घेतलं. उद्या डॉक्टरांनी थायरॉइड किंवा क्रिएटिनिन मागितलं तर रचना बदलावी लागणार नाही. साखरेचे उपाशीपोटी, जेवणानंतर दोन तासांनी आणि अवेळी असे तीन वेगळे प्रकार ठेवा. उपाशीपोटी १२६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्यापुढे मधुमेहाकडे बोट दाखवतं, पण जेवणानंतरचा तोच आकडा काळजीचा नसतो. दोन्ही एकाच नावाखाली गेले की आलेख खोटं बोलतो.

तारखा वर्ष, महिना, दिवस या क्रमाने मजकूर म्हणून ठेवा, म्हणजे क्रमवारी आपोआप बरोबर लागते. पडद्यावर मात्र दिवस आधी दाखवा. एसक्यूलाइटमध्ये तक्त्यांमधलं नातं तपासण्याची सोय आपणहून चालू नसते, प्रत्येक वेळी डेटाबेस उघडताना ती चालू करावी लागते. हे राहिलं तर रुग्णच नसलेल्या भेटी साठत जातात आणि कोणाला कळतही नाही.

आणि पुसण्याचं बटण ठेवू नका. चुकीची नोंद "रद्द" म्हणून खूण करा, आधीचा मजकूर, बदलणाऱ्याचं नाव आणि वेळ वेगळ्या तक्त्यात राहू द्या.

नावं आणि शोध

आता मुख्य काम. आपल्याकडे एकाच बाईचं नाव तीन लिप्यांत फिरतं. ती स्वतः मराठीत सांगते, आधार आणि रेशन कार्डावर ते कन्नडमध्ये असतं, आणि लॅबच्या रिपोर्टवर इंग्रजीत. लक्ष्मी लिहिताना एक लॅब 'एक्स' घालते, दुसरी 'के-एस-एच'. त्यात लग्नानंतर नाव बदललेलं, गावही बदललेलं. म्हणून नाव रुग्णाच्या तक्त्यात एका रकान्यात कोंबू नका. नावांचा वेगळा तक्ता करा. एका रुग्णाला कितीही नावं: मराठी, कन्नड, इंग्रजी, माहेरचं, घरात हाक मारायचं. शोधताना सगळ्यांत शोधायचं.

प्रत्येक नावाबरोबर एक "शोधकिल्ली" साठवा, म्हणजे नावाचं घासूनपुसून सोपं केलेलं रूप. ती बनवण्याच्या पायऱ्या अशा.

पहिली पायरी युनिकोडचं प्रमाणीकरण, म्हणजे एनएफसी: एकच अक्षर वेगवेगळ्या तऱ्हांनी साठलं असेल तर ते एका ठरावीक रूपात आणणं. पायथनमध्ये त्यासाठी तयार फंक्शन आहे. पण मराठीला तेवढं पुरत नाही. कऱ्हाडकर हे आडनाव घ्या. एका कीबोर्डवर त्यातला अर्धा र युनिकोडमधल्या ०९३१ या (हेक्स) क्रमांकाच्या अक्षराने येतो, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक अशा तीन तुकड्यांनी. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, कॉम्प्युटरला मात्र ती दोन वेगळी आडनावं वाटतात, आणि एनएफसी त्यांना एक करत नाही. ॲलिसमधल्या ॲ चंही तेच: कधी ते एकच अक्षर असतं, कधी अ वर चंद्र देऊन केलेलं. किल्ली बनवताना न दिसणारे जोडक काढून टाका, ०९३१ च्या जागी साधा र घ्या आणि ॲ ची दोन्ही रूपं एक करा. मूळ नाव आहे तसंच राहू द्या, बदल फक्त किल्लीत.

दुसरी पायरी कन्नड. युनिकोडमध्ये देवनागरी आणि कन्नड या लिप्यांची मांडणी समांतर आहे. कन्नड अक्षराच्या क्रमांकातून ८९६ (हा नेहमीचा दशमान आकडा) वजा केले की बहुतेक सगळी अक्षरं थेट देवनागरीत उतरतात, क च्या जागी क, ळ च्या जागी ळ. अपवाद ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ यांचा. ते मराठीत नसलेल्या चिन्हांवर जाऊन पडतात, त्यांना साध्या ए आणि ओ मध्ये बदला. वजाबाकी एनएफसीनंतरच करा, नाहीतर कन्नडमधलं वेगळं टाइप झालेलं दीर्घाचं चिन्ह भलतीकडे जातं.

तिसरी पायरी उच्चारातले फरक बोथट करणं. ऱ्हस्व-दीर्घ एक करा, श आणि ष एक करा, ण आणि न, ळ आणि ल एक करा. अनुस्वार आणि त्याच्या जागी येणारं अर्धं अनुनासिक एक करा. शेवटी "बाई", "राव", "अण्णा", "अक्का" जोडलेलं असेल तर ते किल्लीतून वगळा, कारण आज लक्ष्मी म्हणून आलेली बाई पुढच्या वेळी लक्ष्मीबाई म्हणून येते.

इंग्रजी नावांसाठी वेगळी, जास्त ढोबळ किल्ली लागते: स्वर गाळा, लागोपाठ आलेल्या सारख्या अक्षरांतलं एकच ठेवा, व्ही आणि डब्ल्यू एक माना, एक्सच्या जागी के-एस-एच घ्या. अशाने भलती नावंही यादीत येतील. येऊ द्या. जास्त नावं दिसली तर माणूस निवडेल, खरं नाव दिसलंच नाही तर नवा क्रमांक पडेल आणि जुनी ॲलर्जीची नोंद मागे राहील.

यादीत प्रत्येक नावाशेजारी जन्मवर्ष, गाव, वडील किंवा नवऱ्याचं नाव आणि शेवटच्या भेटीची तारीख दाखवा. गाव टाइप करू देऊ नका, आसपासच्या गावांच्या तयार यादीतून निवडू द्या. मग काउंटरवरच्या माणसाला एक सवय लावा. "तुम्हीच सुनीता पाटील ना?" असं विचारायचं नाही. गर्दीत, कमी ऐकू येणारं माणूस कशालाही होय म्हणतं. "पूर्ण नाव सांगा, गाव कुठलं?" असं विचारायचं आणि उत्तर पडद्याशी ताडून बघायचं. नावाबरोबर आणखी एक गोष्ट जुळल्याशिवाय नोंद उघडायची नाही. पडदाच तसा बांधा: नाव निवडल्यावर गाव आणि जन्मवर्ष मोठ्या अक्षरांत दिसावं, आणि "जुळलं" हे बटण दाबल्यावरच पुढे जाता यावं.

एकाच माणसाचे दोन क्रमांक पडलेले सापडतीलच. सॉफ्टवेअरने ते आपणहून एक करता कामा नयेत. संशयित जोड्यांची यादी रोज संध्याकाळी दाखवा, निर्णय डॉक्टरांनी घ्यावा. एक केल्यावरही जुना क्रमांक पर्यायी म्हणून जिवंत ठेवा आणि जोडणी उलटवता येईल अशी ठेवा. जुळे भाऊ, एकाच नावाच्या चुलत बहिणी, आजोबांचं नाव ठेवलेला नातू, ही सगळी मंडळी आपल्याच गावात असतात.

दोन पडदे

काउंटरचा पडदा शोध, नोंदणी आणि मोजमापांचा. तो माऊसशिवाय चालला पाहिजे, एंटर दाबलं की पुढचा रकाना. आकडे तपासा: बीपीचा वरचा आकडा १२०० आला तर घेऊच नका, २२० आला तर घ्या, पण "पुन्हा मोजलंत का?" असं विचारा. अशक्य आणि असाधारण यांत फरक करा. खरा धोक्याचा आकडा सॉफ्टवेअरने अडवला तर माणसं तो कमी करून टाकतात.

डॉक्टरांचा पडदा एका नजरेत वाचता यावा. वर लाल पट्टीत ॲलर्जी. पट्टी रिकामी असेल तर "ॲलर्जी नाही" आणि "विचारलेलं नाही" या दोन गोष्टी वेगळ्या दाखवा. खाली चालू औषधं, मागच्या काही भेटींचे आकडे, साखर आणि बीपीचा छोटा आलेख.

चिठ्ठी आणि छपाई

औषधाचं नाव इंग्रजीत, जमेल तिथे जेनेरिक आणि मोठ्या लिपीत. घ्यायचं कसं ते मात्र रुग्णाला वाचता येईल त्या भाषेत. म्हणून नोंदणीतच "वाचायची भाषा" हा रकाना ठेवा: मराठी, कन्नड किंवा वाचता येत नाही. सूचना मोजक्याच असतात, जेवणाआधी, जेवणानंतर, झोपताना, पाच दिवस. त्यांची दोन्ही भाषांतली यादी एकदाच करा आणि कन्नड मजकूर कन्नड माध्यमात शिकलेल्या नर्सकडून तपासून घ्या. यांत्रिक भाषांतरावर डोस सोपवू नका. वाचता न येणाऱ्यांसाठी सूर्य आणि चंद्राची चित्रं छापा.

काही पीडीएफ लायब्रऱ्या जोडाक्षरं मोडतात, वेलांटी भलत्या अक्षराला लावतात. क्यूटीचं स्वतःचं छपाईचं साधन हे नीट हाताळतं. नोटो सान्सचे देवनागरी आणि कन्नड फॉन्ट सॉफ्टवेअरबरोबरच द्या. जुनी माहिती श्रीलिपी, नुडी किंवा बरहाच्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असेल तर आधी ती युनिकोडमध्ये बदलून हाताने तपासा, मगच आत घ्या.

सीमेपलीकडचे कागद

निपाणीचा माणूस कोल्हापूरला दाखवतो, अथणीचा मिरजेला, खानापूरचा बेळगावला. परत येताना प्रत्येक जण फाइल घेऊन येतो. तिचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, डेटाबेसमध्ये फक्त त्यांचा पत्ता. पण फोटोवर समाधान मानू नका. निदान, बदललेली औषधं आणि महत्त्वाचे आकडे टाइप करून घ्या, कारण फोटोतला आकडा आलेखात येत नाही. उलट दिशेनेही एक पानाचा संदर्भगोषवारा इंग्रजीत छापता यावा, तो दोन्ही राज्यांत चालतो.

योजनांसाठी वेगळा तक्ता हवा. एकाच घरात आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटकचं कार्ड असतं, आणि सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना लागू करायचा निर्णय घेतल्यापासून त्याचेही कागद पिशवीत दिसतात. एका रुग्णाला अनेक योजना जोडता आल्या पाहिजेत, प्रत्येकीचा क्रमांक आणि वैधता वेगळी.

लाईट, बॅकअप, दुसरा कॉम्प्युटर

मशीनला यूपीएस हवाच. प्रत्येक नोंद डेटाबेसच्या एका व्यवहारात (ट्रान्झॅक्शनमध्ये) पूर्ण लिहा, म्हणजे मध्येच लाईट गेली तर ती पूर्ण असेल किंवा मुळीच नसेल. चालू डेटाबेसची फाइल कॉपी-पेस्ट करून बॅकअप घेऊ नका, अर्धवट प्रत मिळू शकते. एसक्यूलाइटची स्वतःची बॅकअपची सोय पायथनमधून थेट वापरता येते. रोज ओपीडी संपल्यावर दोन पेन ड्राइव्हवर आलटून पालटून, पासवर्डने कुलूपबंद प्रत घ्या आणि त्यातला एक दवाखान्याबाहेर ठेवा. महिन्यातून एकदा दुसऱ्या मशीनवर ती प्रत उघडून चार रुग्ण शोधून बघा. न उघडून पाहिलेल्या बॅकअपला बॅकअप म्हणू नका.

काउंटर आणि डॉक्टर अशी दोन मशीन असतील तर एसक्यूलाइटची फाइल शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवून दोघांनी उघडायची नाही, ती बिघडण्याची भीती असते. पोस्टग्रेस (अनेक मशीननी एकाच वेळी वापरता येणारा डेटाबेस सर्व्हर) बसवा, किंवा एका मशीनवर छोटा सर्व्हर चालवून दुसऱ्याने त्याच्याशीच बोलावं.

गुपित आणि कायदा

गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, त्यामुळे इथे गोपनीयता शहरापेक्षा जास्त जपावी लागते. प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्या. काउंटरला निदान आणि डॉक्टरांची टिपणं दिसू नयेत. थोडा वेळ हात लागला नाही की पडदा बंद व्हावा, आणि मॉनिटरचं तोंड बाकावर बसलेल्यांकडे नसावं. एचआयव्हीसंबंधी माहितीची गुप्तता २०१७ च्या कायद्याने बंधनकारक आहे, ती फक्त डॉक्टरांच्याच लॉगिनला उघडावी. डेटाबेस एसक्यूएलसायफरने कुलूपबंद करा आणि पासवर्ड बंद पाकिटात डॉक्टरांच्या घरी ठेवा, तो हरवला तर सगळ्या नोंदी गेल्या असंच समजा. चाचणीसाठी खऱ्या रुग्णांची माहिती स्वतःच्या लॅपटॉपवर नेऊ नका.

भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षं ठेवायच्या असतात आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्यायच्या असतात. एका रुग्णाची सगळी नोंद एका बटणाने छापता येईल अशी सोय पहिल्याच आवृत्तीत करा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा आहे. माहिती कशासाठी घेतो हे सांगणारा मराठी आणि कन्नड फलक काउंटरवर लावा, आणि जे लागत नाही ते विचारूच नका.

दवाखान्यात बसवताना

पायइन्स्टॉलरने (पायथनचा कोड थेट चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये बांधणाऱ्या साधनाने) फोल्डर पद्धतीची बांधणी करा. एकाच फाइलीत बांधलेलं सॉफ्टवेअर उघडायला वेळ घेतं आणि अँटिव्हायरस त्यावर जास्त संशय घेतात. डेटाबेसच्या रचनेचा आवृत्तिक्रमांक डेटाबेसमध्येच ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी अपडेट करताना कुठून कुठे जायचं हे सॉफ्टवेअरला कळेल. अपडेट बाजाराच्या दिवशी कधीही करू नका.

जुने सगळे केसपेपर आत टाइप करायच्या फंदात पडू नका. मधुमेह आणि बीपीचे रुग्ण आधी घ्या, ते पुन्हा पुन्हा येतात आणि मागचे आकडे त्यांच्याच बाबतीत सगळ्यात जास्त उपयोगी पडतात. प्रत्येक जण जसा येईल तशी त्याची नोंद करा. त्यानंतर "पुढची तारीख उलटून गेली, आले नाहीत" अशी यादी सोमवारी सकाळी आपोआप निघू द्या, शेजारी फोन कोणाचा आहे तेही दिसू द्या. मुलगा पुण्याला असेल तर त्याला फोन करून उपयोग नाही, शेजारच्या घरचा नंबर हवा. फोनवर फक्त "डॉक्टरांनी बोलावलंय" एवढंच सांगायचं, आजाराचं नाव घ्यायचं नाही.

सुरुवातीचे काही आठवडे कागद आणि सॉफ्टवेअर दोन्ही चालू ठेवा. त्यानंतरही कोऱ्या केसपेपरचा गठ्ठा काउंटरच्या खणात कायम असू द्या, आणि त्याचे रकाने पडद्याच्याच क्रमाने छापून घ्या. मशीन बंद पडलं त्या दिवशी कागदावर लिहायचं आणि सुरू झाल्यावर आत भरायचं. त्यासाठी भेटीची तारीख आणि नोंद केल्याची तारीख हे दोन वेगळे रकाने पहिल्या दिवसापासून ठेवा.